याकी लीबेत्साइट : एका ठेक्याची वाटचाल

याकी लीबेत्साइट (२६ मे १९३८ – २२ जानेवारी २०१७) हा जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या ‘कॅन’ या रॉक वाद्यवृंदाचा ड्रमर. कॅनचा मुख्य काळ १९६८ ते १९७९ असा जेमतेम अकरा वर्षांचा. या अवधीत निघालेल्या त्यांच्या तबकड्यांचा खप त्या काळच्या नामवंत ब्रिटिश-अमेरिकन वाद्यवृंदांच्या आसपासही फिरकला नाही. तरीही पुढच्या चाळीस वर्षांत पंकनंतरचे रॉक, नृत्यसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक संगीत या तिन्ही प्रवाहांतले वादक पुन्हापुन्हा त्याच तबकड्यांकडे वळले आणि त्यांतल्या ड्रमकडे त्यांनी विशेष कान दिला. लीबेत्साइटने ड्रमवर नवे अवघड प्रकार रूढ केले म्हणून हे घडलेले नाही. अवघड वाजवण्यात तो आधीच तरबेज होता आणि तिशीत त्याने ते जाणूनबुजून सोडले. एकच ठेका धरून, त्याला न कंटाळता, न भरकटता, अर्धा अर्धा तास जिवंत ठेवणे हे त्याचे काम, आणि त्या कामाला त्याने आयुष्यभराचा अभ्यास मानले.

त्याचा जन्म ड्रेस्डेनजवळच्या ऑस्ट्राउ या गावचा. तारुण्यात तो पश्चिम जर्मनीत जॅझ वाजवू लागला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो काही काळ स्पेनमध्ये बार्सिलोनाला होता. तिथे कॅटलन पियानोवादक टेटे मोंतोल्यू आणि अमेरिकन ट्रंपेटवादक चेट बेकर यांच्यासारख्यांना त्याने साथ केली. ही दर्जेदार नोकरी होती, पण स्पेनच्या मुक्कामाचा खरा लाभ वेगळाच झाला. फ्लामेंको आणि समुद्रापलीकडच्या उत्तर आफ्रिकेचे संगीत तिथे त्याच्या कानावर पडले, आणि जॅझच्या बाहेर तालाची केवढी जुनी व शिस्तबद्ध दुनिया आहे याचा त्याला अंदाज आला. अरबी, तुर्की, आफ्रिकी आणि भारतीय तालांविषयीचे त्याचे कुतूहल इथून पुढे कधी ओसरले नाही.

जर्मनीत परतल्यावर मात्र तो उलट्या दिशेला गेला. ट्रंपेटवादक मान्फ्रेट शोफ याच्या पंचकात तो दाखल झाला. युरोपातल्या फ्री जॅझच्या पहिल्या फळीतला हा वाद्यवृंद. याच मंडळींतल्या अलेक्झांडर फॉन श्लिपनबाख या पियानोवादकाने १९६६ मध्ये बर्लिनच्या जॅझ महोत्सवासाठी ‘ग्लोब युनिटी’ हा मोठा वृंद उभारला, तेव्हा त्यात दोन ड्रमर होते : लीबेत्साइट आणि मानी नॉयमायर. पुढे दोघेही फ्री जॅझ सोडून रॉककडे आले. नॉयमायरने ‘गुरू गुरू’ हा वृंद काढला. एकाच मंचावरच्या दोन ड्रमरनी थोड्याच अवधीत हाच निर्णय घ्यावा, यावरून त्या वेळच्या जर्मन संगीतात केवढी घुसळण चालू होती ते दिसते.

फ्री जॅझमध्ये ठरलेली लय नसते, ठरलेला स्वरपट नसतो, ठरलेला आराखडाही नसतो. युद्धानंतर वाढलेल्या पिढीला वडीलधाऱ्यांच्या शिस्तीची चीड होती, त्यामुळे या मोकळेपणाचे तिला आकर्षण वाटणे साहजिक होते. लीबेत्साइटला मात्र त्यात एक न लिहिलेला नियम टोचू लागला. तिथे एकदा वाजवलेले पुन्हा वाजवायचे नाही, ठेका धरायचा नाही, पाय थिरकेल असे काही करायचे नाही. ज्या संगीतात पुनरावृत्तीला बंदी आहे ते मोकळे कसे, हा त्याचा आक्षेप होता. याच सुमारास एका कार्यक्रमानंतर एक अनोळखी श्रोता त्याच्याकडे आला आणि त्याने एकसुरी वाजवले पाहिजे, असे सांगून गेला. हा किस्सा लीबेत्साइट अनेक मुलाखतींतून सांगत असे. त्या माणसाचा सल्ला त्याला पटला, किंवा आतून पटलेलेच कोणीतरी मोठ्याने बोलून दाखवले असे म्हणावे.

१९६८ मध्ये इर्मिन श्मिट या संगीतकाराने कोलोनमध्ये एक नवा वृंद जमवायला घेतला. श्मिट आणि बास वाजवणारा होल्गर चुकाय हे दोघेही आधुनिक संगीताचे आचार्य कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांचे विद्यार्थी. गिटारवादक मिखाएल करोली हा चुकायचा शिष्य, वयाने बाकीच्यांपेक्षा दहा वर्षांनी लहान. ड्रमर कोण, हा प्रश्न होता. श्मिटने लीबेत्साइटला एखादे नाव सुचवायला सांगितले. फ्री जॅझमधला इतका नावाजलेला ड्रमर स्वतः येईल अशी अपेक्षाच नव्हती. ठरलेल्या दिवशी लीबेत्साइटच येऊन हजर झाला. वृंदात दोन अभिजात संगीताचे पदवीधर, एक रॉकवेडा तरुण आणि एक जॅझ ड्रमर असे चौघे जमले. माल्कम मूनी हा अमेरिकन चित्रकार-शिल्पकार गायला लागला आणि मंडळी पुरी झाली.

कोलोनजवळच्या नोरव्हेनिख या गढीत त्यांनी बस्तान बसवले. कामाची पद्धत अशी : ठरवून काही रचायचे नाही, सगळ्यांनी एकत्र बसून तासन् तास वाजवायचे आणि दोन ट्रॅकच्या साध्या टेप रेकॉर्डरवर ते उतरवून घ्यायचे. मग चुकाय त्या फितींतून निवडक भाग ब्लेडने कापून एकमेकांना जोडायचा. जी तबकडी लोकांपर्यंत पोहोचायची ती अशा कापाकापीतून घडलेली असे. १९६९च्या ‘मॉन्स्टर मूव्ही’ या पहिल्या तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणारे ‘यू डू राइट’ हे वीस मिनिटांचे गाणे कित्येक तासांच्या वादनातून काढलेले आहे.

ही पद्धत चालली ती मुख्यतः ड्रममुळे. कापलेल्या फितीचे दोन तुकडे जोडायचे तर दोन्हीकडची लय तंतोतंत जुळायला हवी. दुसऱ्या मिनिटाला धरलेली लय चाळिसाव्या मिनिटाला रेसभर जरी पुढेमागे झाली तरी सांधा ऐकणाऱ्याच्या कानाला खटकतो. आज संगणक हे काम करून देतो. त्या वेळी हा भार एका माणसाच्या मनगटांवर होता. चुकायच्या कात्रीचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तच आहे, पण त्या कात्रीला कापण्याजोगे कापड लीबेत्साइट विणत होता.

कॅनच्या सगळ्या रचना पहिल्यापासून वृंदाच्या नावावर, म्हणजे सर्वांच्या समान कर्तृत्वाने नोंदवल्या गेल्या. रॉकमध्ये गाणे लिहिणारा आणि चाल बांधणारा यांना श्रेय व मानधन मिळते, आणि ड्रमर पगारी गड्यासारखा मागे राहतो. अनेक विख्यात गाण्यांना ज्याने ओळख दिली तो ठेका ज्याचा, त्याचे नाव रचनाकारांत कुठेही नसते. कॅनने हे मानले नाही. लीबेत्साइटचा ठेका हा रचनेचा भाग आहे, किंबहुना तिचा पाया आहे, हे त्यांनी कागदोपत्री मान्य केले. संगीताच्या अर्थकारणाच्या इतिहासात ही लहान गोष्ट नाही.

मूनीची मानसिक प्रकृती ढासळल्यामुळे तो अमेरिकेला परतला. १९७०च्या मे महिन्यात म्युनिखच्या रस्त्यावर आरडाओरडा करत गाणारा जपानी तरुण दामो सुझुकी चुकाय आणि लीबेत्साइट यांच्या नजरेस पडला, आणि त्याच रात्री तो त्यांच्याबरोबर मंचावर उभा राहिला. त्याच वर्षी यर्झी स्कोलिमोव्हस्कीच्या ‘डीप एंड’ या चित्रपटासाठी केलेले ‘मदर स्काय’ हे चौदा मिनिटांचे गाणे लीबेत्साइटच्या तेव्हाच्या ताकदीचा उत्तम नमुना आहे. वेगवान, सरळ, आणि शेवटपर्यंत एका तणावावर ठेवलेले.

१९७१ची ‘टागो मागो’ ही जोडतबकडी म्हणजे या वृंदाचे शिखर. इबिझाजवळच्या एका बेटाचे नाव तिला दिले आहे. तिच्यातले ‘हालेलुवा’ हे सुमारे साडेअठरा मिनिटांचे गाणे लीबेत्साइटचे नाव घेताना सर्वात आधी आठवते. ड्रमचा एक छोटासा नमुना सुरुवातीला येतो आणि जवळजवळ शेवटापर्यंत टिकतो. बास त्याला चिकटून चालतो. वर गिटार, की-बोर्ड, गाणे, फितीवरचे विचित्र आवाज येतात आणि जातात. पहिल्यांदा ऐकताना ड्रम जागच्या जागी थांबल्यासारखे वाटतात. लक्ष देऊन ऐकले की कळते, प्रत्येक आवर्तनात काहीतरी हलते आहे. कुठे स्नेअरवरचा एखादा हलका आघात वाढतो, कुठे झांजेचा जोर किंचित उतरतो, कुठे एक मात्रा नुसती श्वासासारखी सोडलेली असते. ठेका तोच राहतो आणि तरीही दोन आवर्तने तंतोतंत एकसारखी होत नाहीत.

मराठी श्रोत्याला हे समजायला विशेष कष्ट पडू नयेत. ख्यालाच्या साथीला विलंबित एकताल धरून बसलेला तबलजी अर्ध्या तासात किती कमी ‘वाजवतो’ आणि तरीही त्याच्यावाचून गायकाला जागा सापडत नाही, हे आपण बैठकीत पाहतो. स्वतंत्र तबलावादनात टाळ्या मिळतात. साथीतल्या ठेक्याचे मोल कळायला कान तयार व्हावा लागतो. रॉकच्या श्रोत्यांना तेव्हा ड्रमचे एकट्याने केलेले लांबलचक वादन हवे होते. १९७०च्या आगेमागे अनेक मोठ्या वृंदांच्या कार्यक्रमांत ड्रमरची अशी दहा-पंधरा मिनिटे राखीव असत. लीबेत्साइटने साथीच्या ठेक्यालाच मध्यभागी आणून बसवले.

१९७१च्या अखेरीस कॅनने कोलोनजवळच्या वायलर्सविस्ट या गावातल्या एका जुन्या चित्रपटगृहात आपला ‘इनर स्पेस’ स्टुडिओ हलवला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर सैन्याच्या वापरातल्या सुमारे पंधराशे गाद्या ठोकल्या. याच सुमारास ‘स्पून’ हे गाणे जर्मन दूरचित्रवाणीवरच्या एका रहस्यमालिकेचे शीर्षकगीत म्हणून गाजले आणि जर्मनीच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. या गाण्यात एका प्राथमिक ताल-यंत्राची टकटक चालते आणि लीबेत्साइट तिच्या जोडीने वाजवतो. पुढे दहा वर्षांनी ताल-यंत्रे सर्रास आली तेव्हा अनेक ड्रमरना ती आपल्या पोटावर पाय देणारी वाटली. लीबेत्साइटला यंत्राची भीती वाटली नाही. यंत्राची अचूकता त्याच्याजवळ होतीच, आणि यंत्राला न येणारा आघातांचा चढउतारही होता. १९७२च्या ‘एगे बाम्यासी’ या तबकडीतल्या ‘व्हिटॅमिन सी’मध्ये हा चढउतार सर्वात स्वच्छ ऐकू येतो. तबकडीचे नाव भेंडीच्या एका तुर्की डब्यावरून घेतलेले, आणि तो डबाच मुखपृष्ठावर आहे. ३ फेब्रुवारी १९७२ रोजी कोलोनच्या क्रीडागृहात त्यांनी विनामूल्य कार्यक्रम केला. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे आणि लीबेत्साइटचे हात पाहायचे असतील तर ते आवर्जून पाहण्याजोगे आहे.

१९७३ची ‘फ्यूचर डेज’ वेगळ्या प्रकृतीची आहे. तिच्यात ड्रम इतके हळुवार आहेत की ते लांबून येणाऱ्या आवाजाचा भाग होऊन जातात. जोरकस वाजवणाऱ्याला हलके वाजवणे जमतेच असे नाही. एका अख्ख्या बाजूभर चालणाऱ्या ‘बेल एअर’मध्ये लीबेत्साइट वेग न सोडता आवाज उतरवून दाखवतो, आणि माझ्या-तुझ्या आवडीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी कौशल्याच्या कसोटीवर ही तबकडी ‘टागो मागो’च्या बरोबरीने ठेवावी लागते. त्यानंतर सुझुकीने वृंद सोडला.

पुढची वर्षे उताराची. १९७५च्या ‘लँडेड’पासून सोळा ट्रॅकचे यंत्र आले. आता प्रत्येकाचा भाग वेगळा ध्वनिमुद्रित करता येऊ लागला आणि सर्वांनी एकाच वेळी, एकमेकांना ऐकत वाजवण्याची निकड संपली. चूक नंतर दुरुस्त करता येते हे कळल्यावर ऐकण्याची धार बोथट होते. ‘आय वॉन्ट मोअर’ हे १९७६चे गाणे ब्रिटनच्या यादीत सव्विसाव्या क्रमांकावर गेले, तरी आधीची एकजीवता उरली नव्हती. १९७७ मध्ये ‘ट्रॅफिक’ वृंदातले दोन वादक, जमैकाचा बासवादक रॉस्को जी आणि घानाचा तालवादक रीबॉप क्वाकू बाह, कॅनमध्ये आले. चुकाय हळूहळू बाजूला पडून बाहेर गेला. १९७९ मध्ये वृंद थांबला. मूनीसह सगळे पुन्हा १९८६ मध्ये जमले आणि १९८९ मध्ये ‘राइट टाइम’ ही तबकडी निघाली, पण कायमचे पुनरुज्जीवन झाले नाही.

कॅनमध्ये असतानाच लीबेत्साइट इतरांसाठी वाजवू लागला होता. ‘नॉय!’ या वृंदाचा गिटारवादक मिखाएल रोटर याने १९७७ पासून स्वतःच्या तबकड्या काढल्या, तेव्हा ड्रमसाठी त्याने लीबेत्साइटला बोलावले. ‘फ्लामेंडे हेर्त्सेन’, ‘श्टेर्नटालर’ आणि ‘काट्सेनमुझिक’ या तिन्ही तबकड्यांत तो आहे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. त्या काळच्या जर्मन रॉकचा उल्लेख झाला की धावत्या रस्त्यासारखा एक सरळ चार मात्रांचा ठेका डोळ्यांपुढे येतो आणि तो लीबेत्साइटच्या नावावर खपवला जातो. तो ठेका ‘नॉय!’च्या क्लाउस डिंगरचा. डिंगरचा ठेका पुढे धावतो, त्याला परतायचे नसते. लीबेत्साइटचा ठेका फिरून फिरून समेवर येतो, आणि त्याच्या मधल्या आघातांच्या जागा अनपेक्षित असतात. रोटरच्या तबकड्यांत त्याने डिंगरच्या जवळचे साधे वाजवले हे खरे, पण तिथेही त्याचा हात वेगळा ओळखू येतो.

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोच्या १९७७च्या ‘बिफोर अँड आफ्टर सायन्स’ या तबकडीत ‘बॅकवॉटर’ या गाण्यावर ड्रम लीबेत्साइटचे आहेत. ‘युरिदमिक्स’ची १९८१ची पहिली तबकडी ‘इन द गार्डन’ जर्मन निर्माता कोनी प्लांकच्या स्टुडिओत झाली, तीत तो आणि चुकाय दोघेही आहेत. ‘पब्लिक इमेज लिमिटेड’मधून बाहेर पडलेल्या बासवादक जा वॉबलबरोबर दोघांनी मिळून १९८२ मध्ये ‘फुल सर्कल’ केली. १९९७ मध्ये ‘डिपेश मोड’च्या ‘अल्ट्रा’ या तबकडीतल्या एका गाण्यावरही त्याने तालवाद्य वाजवले. या कामांत त्याचे नाव तबकडीमागच्या बारीक अक्षरांत राहिले. त्याने त्याबद्दल तक्रार केल्याचे दिसत नाही. काम मिळत होते आणि ते मनासारखे होते.

स्वतःचे म्हणावे असे काम त्याने ‘फँटम बँड’मध्ये आणि त्याहून जास्त ‘ड्रम्स ऑफ केऑस’मध्ये केले. हा दुसरा, केवळ तालवाद्यांचा समूह १९८०च्या दशकात कोलोनमध्ये सुरू झाला आणि लीबेत्साइट अखेरपर्यंत त्यात वाजवत राहिला. इथे त्याने ड्रमसेटची रचनाच मोडीत काढली. बास ड्रम पायाने वाजवण्याचे पेडल अमेरिकेत १९०९च्या सुमारास प्रचारात आले, आणि आधी दोन-तीन वादक लागत ते काम एकट्याने करता येऊ लागले. आधुनिक ड्रमसेट या पेडलाच्या आधारावर उभा आहे. लीबेत्साइटने उतारवयात पेडले काढून टाकली. पायाने चालणारी हाय-हॅटही गेली. आडवे ठेवलेले मोजके ड्रम, थोड्या झांजा आणि दोन हात एवढ्यावर तो आला. पाय आणि हात वेगवेगळे चालवण्याची कसरत त्याला अनावश्यक वाटू लागली होती.

या हाताच्या वादनासाठी त्याने एक पद्धत बांधली. तारायंत्राच्या लिपीतल्या सर्वात छोट्या दोन खुणा, एक ठिपका आणि एक रेघ, या तिच्या मुळाशी आहेत. ठिपका म्हणजे एकेरी आघात, रेघ म्हणजे दुहेरी. या दोघांच्या जुळणीतून पाच, सात, नऊ, अकरा मात्रांची आवर्तने तयार होतात आणि कुठल्याही लांबीचे आवर्तन हाताला नैसर्गिक वाटेल अशा रीतीने वाजवता येते. लघु-गुरूंच्या हिशेबाने वृत्त चालवण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. युरोपीय रॉकला मात्र ती नवी होती. तिथे चार मात्रांच्या बाहेर पडणे म्हणजे बुद्धीची चमक दाखवणे असा समज होता. लीबेत्साइटला सात मात्रांवरही लोकांनी नाचावे असे वाटे. इलेक्ट्रॉनिक संगीतकार बर्न्ट फ्रीडमनबरोबर २००२ पासून काढलेल्या ‘सिक्रेट ऱ्हिदम्स’ या मालिकेत ही पद्धत सविस्तर ऐकायला मिळते.

त्याचा प्रभाव तीन टप्प्यांत पसरला. पहिला पंकच्या लगेच नंतरचा. ‘जॉय डिव्हिजन’चा ड्रमर स्टीफन मॉरिस याने लीबेत्साइटचे ऋण उघडपणे सांगितले आहे, आणि ‘द फॉल’ने १९८५ मध्ये थेट दामो सुझुकीच्या नावाचे गाणे केले. दुसरा टप्पा नृत्यसंगीताचा. १९८०च्या दशकाअखेरीस मँचेस्टरच्या नृत्यगृहांत रॉक आणि यंत्रांचा ठेका एकत्र आला तेव्हा ‘टागो मागो’ पुन्हा ऐकली जाऊ लागली. तिसरा टप्पा नमुने उचलून गाणी बांधणाऱ्यांचा. अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने २००७ मध्ये ‘एगे बाम्यासी’तला तुकडा आपल्या गाण्यात वापरला. अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या एका वृंदाने तर ‘स्पून’ हेच नाव घेतले. १९९७ मध्ये कॅनच्या गाण्यांच्या नव्या मांडण्यांची ‘सॅक्रिलेज’ ही तबकडी आणि २०१२ मध्ये जुन्या, अप्रकाशित फितींचा ‘द लॉस्ट टेप्स’ हा संच निघाला. वायलर्सविस्टचा स्टुडिओ गाद्यांसकट ग्रोनाउ येथील संगीत संग्रहालयात हलवून जपला आहे.

२२ जानेवारी २०१७ रोजी कोलोनमध्ये न्यूमोनियाने लीबेत्साइटचे निधन झाले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात कॅनच्या संगीताचा मोठा कार्यक्रम ठरला होता आणि त्यात तो वाजवणार होता. कार्यक्रम त्याच्याशिवाय झाला. करोली २००१ मध्ये गेला होता, चुकाय २०१७च्याच सप्टेंबरमध्ये गेला. लीबेत्साइटचे जीवन, विचार आणि वादनपद्धती यांवरचे पुस्तक त्याच्या जुन्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने २०२० मध्ये इंग्रजीत निघाले. ज्यांना वाचण्याआधी ऐकायचे आहे त्यांनी ‘हालेलुवा’ निवडावे, गिटार आणि गाण्याकडे दुर्लक्ष करून पूर्ण अठरा मिनिटे फक्त ड्रम ऐकावेत, आणि त्यानंतरच ‘फ्यूचर डेज’ लावावी.